बाई आणि जिना

माझं लग्न ठरलं तेव्हा मावशीने मुलाची सगळी चौकशी केली होती. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. सांडोरला स्वतःची वाडी, केळी, भाजी, विहिरीला बारमाही पाणी. वर सातिवलीला कंपनीत पॅकिंगची नोकरी. मुलगा भुताचे इंग्रजी पिक्चर गोळा करतो का, हे विचारायचं तिला सुचलं नाही. सुचणार कसं? असं कोण विचारतं का कधी?

तर आमचे हे, हरेश्वर, जुने ब्रिटिश पिक्चर जमवतात. भुताचे, खुनाचे, धुक्यातल्या बंगल्यांचे. कॅसेट आणि डिस्क, दोन्ही. आणि हो, ब्रिटिशच! अमेरिकन आणून दिलात तर हात लावणार नाहीत. का म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, "अमेरिकन भूत सरळ अंगावर येतं गं. ब्रिटिश भूत आधी दार वाजवतं." मी कपाळाला हात लावला. भुतातसुद्धा ह्यांना खानदानी लागतात.

माझी शिवणाची मशीन ज्या खोलीत होती ती खोली आता ह्या गोऱ्या भुतांची. मशीन आली ओटीवर, तिथे कोंबड्यांच्या संगतीने मी ब्लाउज शिवते. आमच्या चारही बाजूंनी वाडी, त्यामुळे हवेत कायम ओल. चार दिवस चप्पल घातली नाही तर तिला बुरशी येते, मग कॅसेटला का नाही येणार? मग हे बसणार, स्क्रू काढणार, कॅसेट उघडणार आणि आतली रीळ मऊ फडक्याने पुसत राहणार. ते फडकं म्हणजे माझ्या परकराचं अस्तर. डिस्कसाठी माझे वालाचे आणि पापडाचे स्टीलचे डबे गेले. त्यात हे कंपनीतून आणलेल्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या टाकतात. सासूबाईंनी एकदा खडीसाखर समजून त्यातली एक पुडी फोडली. दाणे हातावर घेतले, तोंडाशी नेले, आणि नशीब माझं, मी तेवढ्यात आले. त्या दिवशी मी ह्यांना इतकं बोलले की शेजारच्या मनोरमाकाकू कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

बरं, एवढं करून सुख म्हणावं तर तेही नाही. एकदा इंग्लंडहून कोणाच्या तरी बॅगेतून चार डिस्क आल्या. हे अंघोळ करून, नवा शर्ट घालून बसले. डिस्क आत ढकलली आणि पडद्यावर पाटी आली की ही डिस्क तुमच्या भागात चालणार नाही. दुसरी घातली, तीच पाटी. हे असे लाल झाले! "इतकी वर्षं इथं राज्य करून गेले, तेव्हा ह्यांना कोणी पाटी दाखवली नाही. आणि ह्यांची एक डिस्क माझ्या घरात चालत नाही?" मग स्टेशनजवळच्या एका दुकानातून सगळ्या देशांच्या डिस्क चालवणारा प्लेअर आणला. तो आठवड्यात बंद पडला. मग दुसरा आला. कधी नवीन वेष्टणात जुनाच पिक्चर निघायचा, कधी वेष्टण भुताचं आणि आत लहान मुलांची गाणी. प्रत्येक वेळी हे तोंड पाडून बसणार आणि मी चहा करून देणार. का देणार, ते माझं मलाच कळत नाही.

संजना, आमची लेक, कॉलेजात आहे. ती म्हणते, "पप्पा, ऑनलाइन बघा ना यार. सगळं असतं तिथे. फक्त नाव टाकायचं."

"नावच तर माहीत नाही," हे म्हणाले होते.

खरं दुखणं ते. हा सगळा पसारा, हे डबे, ही बुरशी, सगळं एका पिक्चरसाठी आहे, आणि त्याचं नाव ह्यांना माहीत नाही. म्हणजे नाव आहे एक, पण ते जगात दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

हे चौथीत होते तेव्हाची गोष्ट. सांडोरच्या मराठी शाळेत जायचे. त्या वर्षी ह्यांची धाकटी बहीण तापाने गेली, जेमतेम रांगायला लागली होती. सासूबाई, म्हणजे कमळी, तेव्हा तरण्याताठ्या. त्यांनी बोलणंच सोडलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. भाकरी करायच्या, वाडीत पाणी सोडायच्या, पण तोंडातून शब्द नाही. पोराशीसुद्धा नाही. सासरे हवालदिल झाले. शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून एका रविवारी त्यांनी वसई गावातून, क्लेमेंटीनबाईंच्या व्हिडिओ लायब्ररीतून, टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला.

ह्या क्लेमेंटीनबाईंची एक तऱ्हा होती. गिऱ्हाइकांना इंग्रजी नावं वाचता येत नाहीत म्हणून त्या इंग्रजी कॅसेटवर स्वतःच्या मनाने मराठी नाव लिहून चिकटवायच्या. सासऱ्यांनी एक कॅसेट उचलली, तिच्यावर लिहिलं होतं 'बाई आणि जिना'. माणसाने काय समजावं? बाई आहे, जिना आहे, म्हणजे काहीतरी घरगुती असेल, मंडळींना बरं वाटेल. आणि घरी येऊन लावतात तर काय, काळोखा बंगला आणि ढगांचा गडगडाट!

पण सासूबाई उठून गेल्या नाहीत. बघत बसल्या. आणि जेव्हा पडद्यावरची बाई जिन्याखाली उभी राहून, वर बघत रडायला लागली, तेव्हा त्या इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या. "ती कशाला रडते रे?"

"तिचं बाळ हरवलंय," शेजारी बसलेल्या ह्यांनी सांगितलं. "वरून आवाज येतो, पण ती गेली की सापडत नाही."

मग त्या विचारत राहिल्या आणि हे सांगत राहिले. बाई एकेक खोली उघडते. बाळ कधी हसतं, कधी रडतं. बाई अर्ध्या जिन्यावर पोहोचली आणि लाइट गेली. संध्याकाळपर्यंत आली नाही. टीव्ही, व्हीसीआर, कॅसेट, सगळं दुसरं गिऱ्हाईक घेऊन गेलं. पण सासूबाई बोलायला लागल्या होत्या. सासऱ्यांनी म्हणे क्लेमेंटीनबाईंना अख्खा केळीचा घड नेऊन दिला.

तेव्हापासून सासूबाई मधूनच विचारतात, "त्या बाळाचं पुढं काय झालं रे?" भाजी निवडताना, लग्नाच्या मांडवात, कुठेही. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला वाटलं, नात्यातल्या कोणाच्या बाळाबद्दल विचारतायत. आणि हे दर वेळी म्हणणार, "बघतो आई, शोधतोय." लायब्ररी तोवर बंद पडलेली. क्लेमेंटीनबाईंना पुढे काही आठवेना, आणि मग त्याही गेल्या. म्हणून मग बाळ असलेला मिळेल तो ब्रिटिश पिक्चर ह्यांनी घरात आणला. बाळ आहे तर जिना नाही. जिना आहे, बाई आहे, तर बाळ नाही. आणि एकदा आणलेलं परत देतील ते हे कसले! मलासुद्धा आता कुठल्या बंगल्यात किती जिने आहेत ते पाठ झालंय.

गेल्या वर्षी सासूबाईंना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हार्टचं पंपिंग कमी झालंय, जपा. त्या ओटीवरच्या खाटेवर पडून राहायला लागल्या आणि रोज विचारायला लागल्या. "मिळाला का रे? काय झालं बाळाचं?" हे कंपनीतून आले की चप्पल काढायच्या आधी हा प्रश्न. ह्यांची झोप उडाली. "ती जायच्या आत मला तिला दाखवायचाय गं," म्हणायचे. रागावर राग यायचा मला. आईच्या गोळ्या आणायच्या विसरायच्या आणि डिस्क मात्र मागवायच्या! पण ह्यांचं तोंड बघितलं की पुढचं बोलणं गिळायचे.

आणि नाताळाच्या आधी केनी आला. क्लेमेंटीनबाईंचा पुतण्या, ह्यांच्या वर्गातला. घराला रंग काढायचा म्हणून त्याने माळा रिकामा केला, तिथे एक खोका निघाला. बाकी सगळं वाळवीने खाल्लेलं. "हेमांगीवहिनी, हऱ्याला दे," म्हणाला आणि माझ्या हातात एक कॅसेट ठेवली. वर पिवळा पडलेला कागद. 'बाई आणि जिना'.

हे घरी आले, कॅसेट बघितली आणि चप्पल न काढताच स्क्रू काढायला बसले. आत बुरशीच बुरशी. रजा टाकली. रीळ बोटभर बोटभर पुढे घेत पुसली. मला घरात पंखा लावू देईनात, झाडू मारू देईनात. मी ओरडले नाही. मलाही बघायचं होतं, कशाला खोटं सांगू. आयुष्य खाल्लं ह्या बाळाने माझं, निदान त्याचं तोंड तरी दिसू दे.

रविवारी जेवणं झाल्यावर सासूबाईंना आत आणून पलंगावर बसवलं, पाठीला उशा दिल्या. संजना मैत्रिणीकडे गेली होती. कॅसेट चालली. थोडी खरखर, पण चालली. तोच बंगला, तोच गडगडाट. हे आईजवळ बसून सांगत होते, कोण काय म्हणतंय ते. आता ह्यांना इंग्रजी छान येतं. इतके पिक्चर बघून आलं नाही तरच नवल.

आणि ती बाई जिन्याखाली आली. वर बघायला लागली. रडायला लागली.

"हीच," सासूबाई म्हणाल्या. "काय म्हणते?"

ह्यांनी कॅसेट थोडी मागे घेतली, तेच वाक्य पुन्हा लावलं.

"अहो, सांगा ना," मी म्हटलं.

"ती म्हणते, मी मुद्दाम नाही मारलं तुला."

बहिणीला मारलं होतं त्या बाईने! बंगल्यासाठी. आणि बहिणीचा आवाज वरून येतोय असं वाटून ती घाबरून रडत होती. बाळबीळ काही नाही. एक पाळणासुद्धा नाही त्या आख्ख्या बंगल्यात. हे एकेक वाक्य सांगत गेले, आवाज बारीक होत गेला. शेवटी पोलीस आले, बाईला घेऊन गेले, आणि पडदा काळा झाला.

"आणि बाळ?" सासूबाईंनी विचारलं.

"बाळ नाही आई ह्यात. मीच सांगितलं होतं. मला तेव्हा इंग्रजी कुठे येत होतं? तू बोललीस, म्हणून सुचेल ते सांगत गेलो. तू आणखी विचारलंस, मी आणखी सांगितलं. मग माझं मलाच खरं वाटायला लागलं."

माझं डोकं सणकलं. म्हणजे माझी खोली, माझे डबे, आमचे रविवार, सगळं ह्यांनीच रचलेल्या थापेपायी? मी तोंड उघडणार इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "मग ते काय मला ठाव नव्हतं? मराठी शाळेतला पोर तू. तुला कुठली इंग्रजी?"

"ठाऊक होतं?" हे जवळजवळ ओरडलेच. "मग इतकी वर्षं का विचारत होतीस मला? मी वेड्यासारखा शोधत होतो आई!"

"मी तुला विचारत होते. टीव्हीला कुठं विचारत होते?" त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला सारलं. "तू सांगत होतास, ते अर्धं ऱ्हायलं. दर वेळी म्हणतोस शोधतो, शोधतो. मला वाटायचं, आज सांगेल."

जगातल्या सगळ्या बंगल्यांचे शेवट पाठ असलेला माणूस, आईसमोर मान खाली घालून बसला. मला रडू आलं, आणि इतका राग आला ह्या दोघांचा की काय सांगू. एकाच घरात राहून एवढी साधी गोष्ट बोलता आली नाही ह्यांना.

"सांगा की आता," मी म्हटलं. "आई वाट बघतायत."

"सापडलं," हे म्हणाले. "ते सापडलं, आई."

"कुठं?"

"वर नव्हतंच. खालीच होतं, तिच्या पलंगामागं. झोपलं होतं."

सासूबाईंनी हळूच विचारलं, "तिला ताप होता का रे?"

ह्यांनी त्यांचा हात हातात घेतला.

"नाही, आई. तिचा ताप उतरला होता."