राजमती आक्कांचा नियम

राजमती आक्का घरात कुठं उठतात आणि कुठं बसतात, ते भिंतींवरून कळायचं. देव्हाऱ्याशेजारी, न्हाणीच्या चौकटीला, ओट्याच्या कोपऱ्याला हाताच्या उंचीवर पंजाएवढा रंग उडालेला. सून सोनल दर दिवाळीला तिथं नवा हात मारायची आणि संक्रांतीपर्यंत तो परत उडालेला असायचा.

शिरोळात जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, मागच्या गल्लीत त्यांचं घर. महापुराच्या साली कमरेएवढं पाणी शिरलं. ओसरल्यावर आठ दिवस उकिडवं बसून आक्कांनी गाळ खरडला, आणि तेव्हापासून गुडघ्यांनी जे धरलं ते काही सोडलं नाही. मग मेडिकलातली गोळी सुरू झाली. सकाळी एक, आणि सूर्य मावळायच्या आत एक. पाच वर्षं अशीच गेली. एक दिवस पावलं सुजली, चपलेत शिरेनात, तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "मूत्रपिंडं थकलीत. दुखण्याची गोळी आता विसरायची."

"मग दुखल्यावर काय करायचं?" आक्कांचे मालक शांतिनाथ अण्णांनी विचारलं.

"व्यायाम, शेक, काठी, उंच खुर्ची. हळूहळू फरक पडतो."

"म्हंजे म्हातारीला शाळंत घालायची म्हणा की," अण्णा म्हणाले. आक्का हसल्या नाहीत. त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं. त्या वर्षी एका मुनी महाराजांचा चातुर्मास शिरोळात ठरला होता.

महाराज एक दिवस उपवास करणार आणि दुसऱ्या दिवशी एकदाच आहार घेणार. तोही उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. घरोघरी चौके मांडायचे, म्हणजे सोवळ्यात स्वयंपाक करून जोडीनं दारात कलश घेऊन उभं राहायचं. महाराज मनात काहीतरी खूण धरून निघतात. ती ज्या दारात जुळेल तिथं थांबतात, नाही जुळली तर तसेच परत जातात. देणाऱ्यानं तीन प्रदक्षिणा घालायच्या, पाय धुवायचे, नमस्कार करायचे आणि आहार संपेपर्यंत उभं राहून एकेक घास ओंजळीत ठेवायचा. आक्कांनी आयुष्यात अकरा वेळा चौका मांडला होता. अकराही वेळा साधू दुसऱ्याच्या दारात थांबले. आता बहात्तरावं चालू होतं. एकदा आपल्या हातानं आहार पडावा, एवढं एकच त्यांनी भगवंतापाशी मागितलं होतं.

व्यायाम शिकवायला कांबळ्यांच्या बाळासोंची दीप्ती होती. पुण्याला शिकून आलेली, स्टँडजवळ तिचा छोटा दवाखाना. तिनं आक्कांना पलंगावर बसवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली.

"आज्जी, गुंडाळी खाली दाबायची. पाच अंक धरायची. सोडायची. असं दहा वेळा."

"बास? एवढंच?"

"एवढंच. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, तोबी दहा वेळा. गरम पाण्याच्या पिशवीनं शेक. काठी ज्या गुडघ्याला जास्त दुखतंय त्याच्या उलट्या हातात. आणि एक काम केलं की बसायचं. दुखंस्तवर उभं ऱ्हायचं न्हाय. आता सांगा, दुखणं दहापैकी किती?"

"दुखणं मोजत्यात व्हय गं?"

"मोजत्यात की."

"मग लिही तुझ्या मनानं," आक्का म्हणाल्या.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. सोनलनं जमिनीवरचा पाट उचलून ठेवला आणि उंच खुर्ची आणली. आक्का जपालाही खुर्चीत बसू लागल्या. शेकानं सकाळचा ताठरपणा उतरला. एक दिवस भिंतीला हात न लावता उठल्या, तेव्हा अण्णा म्हणाले, "ट्रॅक्टर चालू झाला बघ. वंगण लागलं."

महाराजांचा गावात प्रवेश झाला त्या दिवशी आक्का बस्तीत गेल्या. बायका एकेक नियम घेत होत्या. कुणी गोड सोडलं, कुणी मौन धरलं. आक्कांनी मूलनायकासमोर, गाभाऱ्यातल्या मुख्य मूर्तीसमोर, डोळे मिटले आणि मनातल्या मनात नियम घेतला. चातुर्मास संपेपर्यंत रोज गुडघ्याचे एकशे आठ. ते झाल्याखेरीज पाणीसुद्धा नाही.

दहानं एवढा गुण, तर एकशे आठानं किती येईल, असा त्यांचा साधा हिशेब. दहा हा आकडा त्यांच्या मनाला कधी पटलाच नव्हता. जपाची माळ एकशे आठाची, मग दहावर थांबायचं म्हणजे माळ अर्ध्यात टाकल्यासारखं. घेतलेला नियम उघड करायचा नाही, ही त्यांच्या सासूची शिकवण. म्हणून कुणाला काही बोलल्या नाहीत. पहाटे सगळे झोपेत असताना त्या टॉवेल गुंडाळून बसायच्या. गुडघा दाबायचा, पाच अंकांऐवजी पूर्ण णमोकार मंत्र म्हणायचा, मग सोडायचा. एक मणी पुढं. उजवा पाय झाला की डावा. घामानं पोलकं भिजायचं. णमोकाराच्या मधेच कळ यायची, ती त्या गिळायच्या. कर्मं झडताहेत असं त्यांना वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा नारळाएवढा झाला.

दीप्तीनं हात लावून बघितला तर गरम. "आज्जी, काय जड उचललंत का? पडलासा का कुठं?"

"न्हाय बा."

"व्यायाम किती करतासा?"

"तू सांगितलंस तसा करतोय की."

आक्का आयुष्यात फारसं खोटं बोललेल्या नव्हत्या. घरी आल्यावर त्यांनी त्याबद्दल एक वेळचं जेवण सोडलं. नियम मात्र सोडला नाही. दीप्तीनं व्यायाम आठ दिवस बंद करायला सांगितला होता, तो पहाटे चालूच राहिला.

आणि मग आला तो दिवस. भाद्रपदातली गोष्ट. सोनलनं मुगाचं पाणी, भात, दूध, उकळून गाळलेलं पाणी असं सगळं करून ठेवलं. आक्का आणि अण्णा कलश आणि नारळ घेऊन दारात उभे राहिले. गल्लीत सात जोड्या उभ्या होत्या. महाराज आहाराला निघताना लावतात तसा उजवा हात खांद्याला लावून आले, पहिली चार दारं मागं टाकली, आणि आक्कांच्या उंबऱ्यासमोर थांबले.

"हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ तिष्ठ." आक्का आणि अण्णा एकदमच म्हणाले.

प्रदक्षिणा घालताना सोनल कानाशी म्हणाली, "आत्ती, पाय धुऊन झाले की तुम्ही बाजूला व्हा. घास मी देतो. लई वेळ उभं ऱ्हायला लागंल."

"जरा गप गं."

महाराज पाटावर उभे राहिले. ओंजळ पुढं आली. आक्कांनी आधी पाणी दिलं, मग दूध. हात स्थिर होता. मुगाच्या पाण्याचे चार घोट गेले. भाताचा पहिला घास ठेवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते ओंजळीत पडेल म्हणून त्यांनी मान मागं घेतली. उजवा गुडघा आतून जळत होता. सारा भार त्यांनी डाव्यावर घेतला. दोन-तीन घास आणखी गेले. मग डावा पाय थरथरला, म्हणून भार परत उजव्यावर आला, आणि गुडघा आत वळला. त्या पडल्या नाहीत, अण्णांनी दंड धरला. पण हातातली भाताची वाटी निसटली आणि फरशीवर गरगरत भिंतीपर्यंत गेली.

देणाऱ्याच्या हातून भांडं पडलं की अंतराय. आहार तिथंच संपतो.

महाराजांनी ओंजळ सोडली. चेहऱ्यावर काही नाही. हात धुतले, बसले, आशीर्वादाचा हात वर केला आणि मोरपिसांची पिंछी नि कमंडलू घेऊन निघून गेले. आदल्या दिवशी त्यांचा उपवास होता, आणि दुसऱ्या दिवशीही होता. पोटात गेलं ते आठ-दहा घास.

सोनलनं वाटी उचलली. आक्का भिंतीला धरून उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसेनात.

संध्याकाळी दीप्ती घरी आली. गुडघा बघितला. सोनल म्हणाली, "ह्यांच्या उशाला टॉवेलच्या गुंडाळीत माळ घावली. मला काय कळंना."

मग आक्कांनी सगळं सांगितलं. एकशे आठ, दोन्ही पाय, चाळीस दिवस.

दीप्तीनं गुंडाळी उचलून बघितली. मग म्हणाली, "आज्जी, जास्त केलं की सांधा सुजतोय, म्हणून दहा म्हटलं, ते सांगितलं असतं तर बरं झालं असतं. चूक माझीबी हाय."

"तुझी कशाची? मला परत उभं ऱ्हायला येईल का, तेवढं सांग."

"येईल. सूज उतरल. आठ दिवस विश्रांती, थंड पाण्याची पट्टी, मग परत पाचापासनं चालू करू. घरातलं हिंडाल, बस्तीत जाल."

"आहार द्यायला?"

दीप्तीनं अण्णांकडं बघितलं. "तेवढा वेळ एका जागी उभं ऱ्हाणं आता नको आज्जी. खोटं कशाला सांगू."

तिसऱ्या दिवशी अण्णांनी आक्कांना रिक्षानं बस्तीत नेलं. आक्कांनी महाराजांना नियमाचं सांगितलं, खोटं बोलल्याचं सांगितलं, वाटीचं सांगितलं आणि प्रायश्चित्त मागितलं. महाराज म्हणाले, "आहार मिळाला नाही तो माझ्या लाभांतराय कर्माचा उदय. तुम्ही निमित्त झालात. नियम सोडवला. वैद्य सांगेल तेवढंच करायचं, हेच प्रायश्चित्त."

शास्त्राप्रमाणे ते बरोबरच होतं. पण आक्कांनी चाळीस वर्षं प्रवचनं ऐकली होती. घेणाऱ्याला जसा लाभांतराय असतो, तसा देणाऱ्याला दानांतराय असतो, आणि तो बांधला जातो दुसऱ्याला दान देण्यापासून अडवल्यावर. आपण कुणाला अडवलं, हे त्यांना शोधावं लागलं नाही. त्या नवी सून असताना घरी एक साध्वी माताजी आहाराला आल्या होत्या. सासूचे हात कापत होते. तरण्या राजमतीनं त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं होतं. "तुमच्या हातनं सांडंल. सरका तिकडं." सासू सरकल्या. नंतर नऊ वर्षं जगल्या, पण चौक्यात परत आल्या नाहीत, आणि त्या का येत नाहीत असं कुणी विचारलंही नाही.

रिक्षात अण्णांनी विचारलं, "हलकं वाटतंय का आता?" आक्कांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते अण्णांना कळलं नाही.

आश्विनात सोनलनं परत चौका मांडला. आक्कांनी खुर्चीत बसून मूग निवडून दिले, तांदळातला खडा न् खडा बघितला. वेळ झाली तशा त्या आपण होऊन उठल्या आणि काठी टेकत आतल्या खोलीत गेल्या.

"आत्ती, दारात तरी उभं ऱ्हावा की. पाच मिंटं," सोनल म्हणाली.

"नको. तू हो पुढं."

आतून त्यांना सगळं ऐकू येत होतं. अण्णांचा आणि सोनलचा आवाज, अत्र तिष्ठ तिष्ठ. मग पावलं. महाराज थांबले होते, याच दारात. प्रदक्षिणेची सळसळ, पाय धुतल्याचं पाणी. पुढं अर्धा तास कुणाचाच आवाज नाही, फक्त भांड्याचा. प्रत्येक आवाजाला आक्कांच्या हाताची मूठ आवळायची. कुठलंच भांडं पडलं नाही. शेवटी बाहेर जमलेल्या बायकांनी जयजयकार केला, निरंतराय आहार झाला म्हणून. महाराजांचं पोट भरलं याचा आक्कांना आनंद झाला, खरोखर झाला. त्यांनी बसल्या जागी हात जोडले. आपण आत बसलो म्हणून सगळं नीट पार पडलं, हेही त्यांना त्याच वेळी कळत होतं.

सोनल ओल्या हातानं आत आली. चेहरा उजळलेला. खुर्चीतल्या सासूला बघून तिचा आवाज खाली आला.

"आत्ती, दुखतंय का?"

"न्हाय," आक्का म्हणाल्या.

ते खरं होतं. शेक झाला होता, सकाळचे दहा झाले होते, पाय स्टुलावर सरळ ठेवला होता. त्या दिवशी गुडघा अजिबात दुखत नव्हता.