कापसाखालचा सर्व्हर

आमच्या घरातलं इंटरनेट मी सुधारलं होतं, म्हणूनच ते बंद पडलं.

रामाकोना गावातल्या आमच्या घरात संगणकातलं कळणारा मी एकटा (असं मीच ठरवलं होतं). दादाच्या मोबाईलवर जाहिराती फार येत, म्हणून मी एक उपाय केला. आपण साइटचं नाव टाकलं की तिचा आकडी पत्ता शोधून देणारा एक सर्व्हर असतो, त्याला डीएनएस म्हणतात. ते काम मी जुन्या लॅपटॉपला दिलं, जाहिरातींचे पत्ते सांगायचे नाहीत अशी त्याला ताकीद दिली आणि राउटरला बजावलं, पत्ता विचारायचा तो फक्त यालाच. मग लॅपटॉप पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवला आणि विसरलो.

त्या दिवशी माझी पुतणी तेजू हिच्या नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. संध्याकाळी पाचला साइट बंद होणार. सकाळी दहाला ती म्हणाली, "काका, नेट चालून नाही राहिलं. फॉर्म राहिला तर माहं वर्ष जाते." (मोबाईलची रेंज आमच्या घरात येत नाही, गावाबाहेरच थांबते.)

मी चेहरा तज्ज्ञाचा ठेवला. राउटरचे दिवे हिरवे होते. आकडी पत्ता टाकला की उत्तर येई, नाव टाकलं की शुकशुकाट.

"डीएनएस गेला," मी जाहीर केलं.

"कुठी गेला?" दादाने विचारलं.

कुठे ते आठवलं आणि मी पुढच्या खोलीचं दार उघडलं. आत खिडकीपर्यंत कापूस! दादाने आदल्याच दिवशी वेचणीचा सगळा माल तिथे भरला होता. लॅपटॉप तळाशी.

"मंग राउटरले सांग ना, दुसऱ्याले विचार म्हणून," दादा म्हणाला.

सूचना बरोबर होती, म्हणून मला राग आला. राउटरचा पासवर्ड सुरक्षित राहावा म्हणून मी नीट लिहून ठेवला होता. त्याच लॅपटॉपमध्ये.

मी कापूस उपसायला लागलो. टोपलं भरायचं, अंगणातल्या ताडपत्रीवर ओतायचं, परत यायचं. बारापर्यंत नाकाकानांत कापूस गेला. लॅपटॉप नेमका कोणत्या कोपऱ्यात, ते आठवेना. वहिनी मधूनमधून चहा देत आणि म्हणत, "तिकडचाही कोपरा पाहा भाऊजी, तिकडं असन."

चारला लॅपटॉप सापडला. वायर निसटलेली. ती लावली, लॅपटॉप सुरू केला आणि ओरडलो, "तेजू, पळ! फॉर्म भर!"

तेजू अंगणात कापूस पसरत होती. "तो तर सकाळीच भरला, काका. मी माह्या मोबाईलमधी डीएनएसचा आकडाच बदलून दुसऱ्या सर्व्हरचा टाकला. दोन मिनिटं लागले."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने आईकडे पाहिलं. वहिनी कापूस हलवत शांतपणे म्हणाल्या, "कापसात ओल होती, भाऊजी. ऊन दाखवाचंच होतं. माणसं भेटून नव्हते राहिले."

तेजूचं वर्ष वाचलं, याचा मला मनापासून आनंद झाला. एव्हाना ऊन उतरायला लागलं होतं आणि कापूस परत आत भरायचा होता. डीएनएस मला कितपत कळतो ते माहीत नाही, पण टोपलं मी न सांगता उचललं.