बारीक टाका

चामडं शिवायचं मशीन घ्यायला निघालेली माणसं मला विचारायला येतात आणि मग माझं ऐकत नाहीत. चाक हलकं फिरतंय का बघतील, रंग किती उडालाय ते बघतील. अरे बाबांनो, टाका लहानमोठा करायचा खटका असतो ना, तो आधी बघा! तो झिजलेला असेल तर फुकट मिळालं तरी ते धूड घरात आणू नका. आणि चांगला असेल, तर तो कुठे ठेवायचा हे कुणाकडून तरी शिकून घ्या. मी धुळ्यात, देवपूरला, घरीच कॅलिपरचे पट्टे शिवते. पोलिओ झालेल्या पायाला लोखंडी सळ्यांचा सांगाडा बांधतात, तो कॅलिपर. माझ्या डाव्या पायाला तो लहानपणापासून आहे, तेव्हा मी ऐकीव काही सांगत नाही.

लोकांना वाटतं, सगळी करामत लोखंडाची. कसली डोंबलाची! सळ्या पाय सरळ धरतात, पण गुडघा पुढे वाकू नये म्हणून त्याला मागे दाबून ठेवतो तो चामड्याचा पट्टा. तो तुटला की माणूस उभ्याचा खाली येतो.

माझे पट्टे आबा शिवायचे. आबा म्हणजे माझे वडील. पहूरला त्यांचं चपलाजोड्यांचं काम होतं. लोखंड जळगावच्या दवाखान्यातून मिळालं होतं, पण त्याच्यासोबतचा पट्टा थोड्याच दिवसांत लोंबायला लागला. आबांनी तो ताणून बघितला आणि म्हणाले, "पोटाचं चामडं लावलं मेल्यांनी." जनावराच्या पोटाचं चामडं ताणत जातं, पाठीचं दम धरतं. पट्टा काढायचा तो पाठीतून, कण्याच्या रेषेत लांब. आबा तो भिजवून, खाली दगड बांधून टांगून ठेवायचे. जे काय ताणायचं ते अंगावर चढायच्या आधीच ताणून घ्यावं. कडा आतल्या अंगाने रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, तासून पातळ करायच्या, नाहीतर कातडी सोलून निघते. हे कोणत्याही पुस्तकात नाही, माझ्या मांडीवर आहे. मग मेण लावलेला दोरा, आरीने भोक, दोरा आरपार, आणि दर टाक्याला दोन्ही हातांनी असा हिसका, की त्यांच्या मानेची शीर वर यायची. टाका तिळाएवढा. "टाका जितका बारीक, तितका मानूस मोठा," म्हणायचे. गावात त्यांच्याइतका बारीक टाका कुणाचा नव्हता, आणि ते त्यांना चांगलं माहीत होतं.

मी टायपिंग शिकायला जात होते त्या सुमारास त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायचा, मग आरी भोक सोडून बोटात जायला लागली. आमच्याकडे पाठ करून कामाला बसायचे, आम्हाला दिसू नये म्हणून. न दिसायला आम्ही काय आंधळे होतो? चपलांचं गिऱ्हाईक तसंही प्लास्टिककडे वळलं होतं, त्याचं त्यांना फार वाटलं नाही. एकदा मात्र जेवता जेवता हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "चपलाचं जाऊ दे. पोरीचा पट्टा कोन शिवीन?" आणि रडायलाच लागले. मला त्यांचा इतका राग आला! बाप रडताना बघवत नाही, म्हणून राग येतो, दुसरं काय. मी म्हटलं, "आबा, गप जेवा. मी अजून उभी आहे."

अशात देवपूरच्या एका शाळेत लिपिक म्हणून मला बोलावणं आलं. घरात आनंद कमी आणि धास्ती जास्त. परगावी एकटी राहणार, पूल ओलांडून बाजाराला जाणार, शाळेचे जिने चढणार. मधेच पट्टा तुटला तर कोण आहे तिथं? दोन दिवसांनी आबा भुसावळला गेले आणि टेम्पोत घालून एक जुनं मशीन घेऊन आले, चामडं शिवायचं, पायाने चालवायचं.

पाय धड होते त्यांचे. मशीनचा दाब चामड्याला धरून ठेवतो, हाताने नुसती दिशा द्यायची. तेवढं थरथरत्या हाताला जमायचं. पहिल्या दिवशी चामड्याच्या तुकड्यांवर टाके मारून बघितले, ओळ सरळ आली. "हात नाही तं नाही, पाय तं आहे ना वं!" म्हणाले आणि हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं. त्या हसण्यासाठी मी ते मशीन डोक्यावर घेऊन नाचले असते.

आणि त्यांनी तो खटका ओढून सगळ्यात बारीक टाक्यावर नेला. उभा जन्म ज्याने तिळाएवढा टाका घातला, तो माणूस मशीनवर मोठा टाका घालेल कशाला? ते तर त्यांना फसवणूक वाटली असती. पट्टा असा देखणा झाला की शेजारची अक्का म्हणाली, "व माय, हा तं गयात घाल, पायात नको!" पाठीचं चामडं, तासलेल्या कडा, पितळी बक्कल, आणि मुंग्यांच्या रांगेसारखी शिवण. बक्कल लावताना आबा माझ्या पायाशी बसले होते, बराच वेळ उठलेच नाहीत.

नोकरीवर हजर व्हायच्या दिवशी ते मला सोडायला धुळ्याला आले. एसटीतून उतरताना मी डावा पाय खाली टेकला, अंगाचा भार त्याच्यावर आला, आणि चर्र आवाज झाला. मी हातांवर पडले. माणसं जमली, कुणी "च् च्" केलं, कुणी पाणी आणलं. मला भयंकर लाज वाटत होती, हातही सोलले होते. आबा माझ्याकडे बघतच नव्हते. पट्टा हातात घेऊन उभे होते. बक्कल शाबूत, दोरा शाबूत, आणि चामडं शिवणीच्या ओळीतून सरळ फाटलेलं.

स्टँडच्या भिंतीशी एक चांभार बसायचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा असेल. त्याने मला त्याच्या पेटीवर बसवलं. पट्टा उजेडात धरला. "नाना, हाई मशीनवर शिवेल शे का?" मशीनवरच शिवलाय म्हणून आबांनी मान डोलावली. "टाका बठ्ठा बारीक पडी गया," तो म्हणाला. सगळाच टाका बारीक पडलाय म्हणे.

तो चुकीचं बोलत नव्हता. पुढे त्याच मशीनवर मी स्वतः शिवायला लागले, आणि आज हजार वेळा सांगते मी लोकांना. आरी चामडं बाजूला सारून वाट काढते, मशीनची सुई धारदार, ती कापत जाते. कापलेली भोकं जवळजवळ पडली की पोस्टाच्या तिकिटासारखी ओळ तयार होते; ओढलं की तिथूनच फाटणार. मशीनवर पट्ट्याचा टाका गव्हाच्या दाण्याएवढा ठेवा. आणि चुकलात तर उसवून पुन्हा शिवू नका. कापडाचं भोक बुजतं, चामड्याचं बुजत नाही.

"आण, मी शिवतो," आबा म्हणाले. त्याने आरी आणि दोरा पुढे केला. आबांनी आरी धरली. टोक चामड्यावर टेकेना. इकडे जाई, तिकडे जाई, एकदा अंगठ्यात गेलं. चांभार रस्त्याकडे बघत राहिला, मी माझ्या हातांकडे. शेवटी आबांनीच आरी खाली ठेवली. मग त्या माणसाने फाटलेला भाग कापून टाकला, जाड चामड्याचा तुकडा जोडला आणि हाताने शिवायला घेतलं. आबा त्याच्यासमोर उकिडवे बसून एक एक टाका बघत होते. मध्ये म्हणाले, "डाव्या अंगाले जरा ढिला ठेव. तिले तिथं टोचतं." तो म्हणाला, "बरं नाना."

पट्टा झाल्यावर बक्कल मीच लावलं. शाळेपर्यंत आबा माझ्या मागून चालत आले, एकदाही पुढे झाले नाहीत. फाटकाशी मी म्हटलं, "आबा, मशीनचा खटका फिरवायचा, बस. पुढचा पट्टा नीट होईल." ते म्हणाले, "त्याचा हात चांगला आहे. त्याच्याकडूनच शिवून घेत जाय." आणि स्टँडकडे वळले.

तोवर मी कुठूनही घरी आले की आबा आधी माझ्या पायाकडे बघायचे, पट्टा नीट आहे ना म्हणून, मग तोंडाकडे. दिवाळीला पहूरला गेले तर ते ओट्यावर बसलेले होते. सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "आली का? बस." ते असेपर्यंत पुन्हा कधी त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं नाही.