चारही चाकांचा आदेश

उकंडा खोब्रागडे गाडीचं ऐकायचा आणि मी साहेबांचं. म्हणून मी कायम बाबू होतो आणि तो नऊ वर्षं रोजंदारीवरचा ड्रायव्हर.

ऑफिसचं नाव सांगत नाही. कापसाच्या त्या वाईट वर्षांत शेतकऱ्यांचं भलं करायला यवतमाळात जी ऑफिसं उघडली, त्यांतलं एक समजा. दर पंधरा दिवसांनी एखादी समिती यायची, वाळलेली पऱ्हाटी बघून हळहळायची आणि बाटलीबंद पाण्याचे खोके रिकामे करून जायची. या पाहुण्यांना आडबाजूची गावं दाखवता यावीत म्हणून २००६ साली आम्हाला एक नवीकोरी पिकअप मिळाली. पुढे दोन ओळी सीटा, मागे उघडा हौदा आणि गेअरच्या बाजूला एक ठेंगणा दांडा. तो ओढला की मागच्या चाकांसोबत पुढचीही जोर लावतात. दांड्यावर ‘फोर बाय फोर’ लिहिलेलं होतं. गावंडे साहेबांना ते इतकं आवडलं की पहिल्या दिवशी त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

उकंडा आधी कापसाच्या एका जिनिंगच्या ट्रकवर होता. जिनिंग बंद पडलं, तेव्हा आमच्याकडे आला. त्याच्या कानाबद्दल मी ऐकून होतो, पण विश्वास बसला तो जुन्या जीपमुळे. तिला घूं घूं आवाज लागला होता आणि गॅरेजवाला पूर्ण गेअरबॉक्स खोलायचं म्हणत होता. उकंडानं मला शेजारी बसवलं, उतारावर गाडी न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, आवाज मात्र चाकांच्या वेगानं चालूच. मग त्यानं स्टिअरिंग जरा उजवीकडे घेतलं, आवाज वाढला. डावीकडे घेतलं, गेला. “गेअरबॉक्स नाही, बाबू,” तो म्हणाला. “वजन डाव्या अंगावर आलं की बोंबलते. डाव्या चाकाचं बेअरिंग हाय.” बेअरिंग बदललं आणि जीप गप्प झाली. असा माणूस आमच्याकडे चाकरीला होता आणि आम्ही त्याच्याकडून साहेबांची भाजी आणवत होतो.

नव्या पिकअपचा दांडा उकंडा फक्त चिखलात ओढायचा. हे साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांना घाम फुटला. शासनानं गाडी घेतली चार चाकं चालवायला. हा दोनच चालवतो. उद्या ऑडिटवाल्यानं विचारलं की उरलेली दोन चाकं काय करत होती, तर उत्तर कोण देणार? मला बोलावून त्यांनी आदेश सांगितला आणि मी टाइप केला: ‘यापुढे सदर वाहन सर्व रस्त्यांवर चारही चाकांवरच चालविण्यात यावे.’

उकंडानं समजावून पाहिलं. “साहेब, वळणावर पुढच्या चाकाले जास्त जा लागते, मागच्याले कमी. चिखलात चाक सरकते म्हणून निभते. डांबरी सोडत नाही. आतल्या आत एकमेकाले ओढून राह्यले तं आतला गेअरचा डबा फुटते.” साहेब म्हणाले, लेखी दे. त्यांना वाटलं, हा काय लिहिणार. उकंडानं रात्रीतून दोन पानं लिहिली, खाली चार चाकांचं चित्रही काढलं, आणि सकाळी आवक नंबर टाकायला माझ्याकडे दिली. साहेब त्या दिवशी तापलेले होते. नंतर बघू म्हणून मी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. शेपूट घालण्याला ऑफिसच्या भाषेत नंतर बघू म्हणतात.

त्यात वेळ कशी, तर रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी निघायची होती आणि नावापुढे ‘काम समाधानकारक’ हा शेरा साहेबांनी मारायचा होता. उकंडाचं नाव यादीत तिसरं होतं. त्याची बायको कौसल्या दर सोमवारी ऑफिसच्या फाटकाशी येऊन मला विचारायची, भाऊ, निघाली का यादी. उकंडानं तोंड मिटून दांडा ओढला.

महिनाभरात वळणावर कट्कट् सुरू झाली, स्टिअरिंग अडकायला लागलं, सीटखालून बारीक किंकाळीसारखा आवाज यायला लागला. साहेब खूश. म्हणाले, हा ताकदीचा आवाज. पुढे एक दिवस तो अचानक बंद झाला, तेव्हा ते आणखी खूश झाले. ‘चारही चाकांच्या सातत्यपूर्ण वापरामुळे आवाज नाहीसा झाला,’ असा अहवाल त्यांनी वर पाठवला. तोही मीच टाइप केला.

खरं असं होतं की उकंडानं आठ बोल्ट खोलून पुढच्या चाकांना जोर नेणारा शाफ्टच काढून घेतला होता. कौसल्याच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, ताडपत्रीखाली हौद्यातच ठेवला होता. चिखलाचा दौरा असला की पहाटे बसवायचा, परत आला की काढायचा. साहेबांसमोर दांडा इमानेइतबारे ओढलेला असायचा. आदेशाचा मान राहिला आणि गाडीही वाचली.

मग दिल्लीची समिती आली. टिपणं घ्यायला साहेबांनी मलाही गाडीत घेतलं. दौरा घाटंजीच्या डांबरी रस्त्यानं होता, म्हणून शाफ्ट लुगड्यातच. पण वाटेत एका सदस्याला दूरवरचा तांडा दिसला आणि तिथं जायची हुक्की आली. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. काळ्या मातीत गाडी मागच्या चाकांनी रुतली. साहेबांनी सर्वांना दांडा दाखवला आणि म्हणाले, आता बघा. मागची चाकं चिखल उडवत राहिली. पुढची ढिम्म हलली नाहीत.

साहेबांचा चेहरा उतरला. ड्रायव्हरनं हयगय करून गेअर बिघडवला, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. तांड्यातून ट्रॅक्टर येऊ शकला असता. उकंडा गप्प राहिला असता तर हयगयीचा एक मेमो मिळाला असता, बस. पण धडधाकट गाडीला कोणी बिघडलेली म्हणावं, हे त्याला सोसलं नाही.

“गाडी चांगली हाय, साहेब,” तो म्हणाला. “तिचं सामान माह्यापाशी हाय.”

त्यानं लुगडं सोडलं, शाफ्ट काढला आणि चिखलात गाडीखाली शिरला. तांड्यातल्या हंसाबाई डोक्यावरचा भारा खाली ठेवून बघत होत्या. “चार चाकाची गाडी,” त्या म्हणाल्या, “अन् दोन चाकं लुगड्यात?” समिती हसली. अर्ध्या तासात गाडी बाहेर आली. टाळ्या वाजल्या. साहेबही हसले, आणि हसता हसताच त्यांनी मला तारीख-वेळ टिपून घ्यायला सांगितलं.

सोमवारी चौकशी लागली. शासकीय वाहनाचा भाग विनापरवानगी काढणे. उकंडानं सरळ सांगितलं की गाडी आवाज करत होती, डबा फुटला असता. गाडी तपासली, तर तिला ओरखडाही नव्हता. निष्कर्ष मी टाइप केला: ‘वाहन पूर्णतः सुस्थितीत आढळले. सबब, त्यास आवाज होता हे चालकाचे म्हणणे निराधार आहे.’ मग तो म्हणाला, मी अर्ज दिला होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आवक रजिस्टरला तशी नोंद नाही. अक्षरशः खरं होतं. इतकं खरं बोलल्याची लाज मला आजही वाटते. कायम होणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव कटलं आणि रोजंदारीही गेली.

नवा ड्रायव्हर आज्ञाधारक निघाला. चौथ्या महिन्यात बाभुळगावच्या वळणावर आतला डबा फुटला. पिकअप आता ऑफिसमागच्या निंबाखाली उभी आहे. फाइलवर कारण ‘अज्ञात’ असं लिहिलंय.

दोन वर्षांनी घाटंजीच्या बाजारात उकंडा भेटला. टिनाच्या शेडात गाड्या दुरुस्त करतो. जय भीम, बाबू, म्हणाला, माझ्या स्कूटरचा आवाज ऐकून मागचं चाक खोललं, चहा मागवला. मी मान खाली घालून पीत होतो. हात पुसता पुसता त्यानं विचारलं, “माह्या त्या अर्जाले नंबर भेटला का?”

टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सोमवारी जाऊन मी नंबर टाकला. साहेबांनी शेरा मारला: ‘वाहन बंद असल्याने अर्ज निकाली.’ तसं पत्र उकंडाला पाठवायचं आहे. टाइप होऊन आठ महिने झाले. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.