लेथवर चढलेली रायफल

बेकायदा हत्यारांच्या बऱ्याच केसेस मी नोकरीत हाताळल्या. त्यातली एक मात्र अशी, की तिची आठवण आली की आधी हसू येतं आणि मग अपराधी वाटतं.

तेव्हा मी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. ढोकीचा परिसर आमच्या हद्दीत. कारखान्याचा हंगाम लागला की आमचं निम्मं काम उसाच्या ट्रॅक्टरांचं. कुठं ट्रॉली उलटली, कुठं रस्ता अडला. अशाच एका सकाळी हजेरी संपत असताना आमचा खबऱ्या आला. त्याची चहाची टपरी होती. टेबलाशी वाकून तो म्हणाला, "सायेब, आमच्या शेजारच्या मिस्त्रीच्या लेथवर बंदुकीची नळी चढलीय. माझ्या डोळ्यानं बघितली."

स्टेशन डायरीला नोंद करून, दोन पंच घेऊन आम्ही निघालो. खबर खरी होती. ट्रॅक्टरच्या शाफ्टांच्या ढिगात लेथला नळी लावलेली, आणि बाकाखाली जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बाकीची रायफल. बोल्ट मागं ओढून गोळी भरायची ती जुनी लष्करी थ्री नॉट थ्री. माझं स्वतःचं प्रशिक्षण याच रायफलवर झालेलं, त्यामुळं ओळखायला वेळ लागला नाही. नळीचं तोंड ताजं कातून मोठं केलेलं होतं. या मापाची गोळी फौजेची, बाहेर मिळत नाही. म्हणून नळी मोठी करून दुसरी गोळी चालवायची, असा प्रकार आम्ही ऐकून होतो. वरिष्ठांना कळवलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "हत्यारांचा कारखानाच सापडला म्हणायचा का?"

मिस्त्री साठीला टेकलेला, बायको वारलेली, राहायला दुकानातच. चौकशीत त्याचं एकच वाक्य. "माझी आहे, साहेब. भंगारात सापडली."

"कुठल्या भंगारात?"

"भंगारात सापडली. माझी आहे."

माझा अनुभव असा, की स्वतःला वाचवणारा माणूस भरपूर सांगतो. गावं, माणसं, तारखा, सगळं रचतो. एकाच वाक्याला चिकटून बसणारा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला वाचवत असतो. आवाज चढवून त्याच्याकडून काही निघणार नाही, हे मला तासाभरात कळलं. मी त्याला चहा पाजला आणि मुद्देमाल पुन्हा पाहायला बसलो.

रायफलीच्या लाकडी दस्त्याच्या खाचांत हळदकुंकू बसलेलं होतं. भंगारातल्या वस्तूची कुणी पूजा करत नाही. मग लुगड्याची घडी पंचांसमोर उलगडली, तेव्हा तिच्यातून एसटीचं सामानाचं तिकीट पडलं. बेंबळी ते उस्मानाबाद, जिथं ढोकीसाठी गाडी बदलावी लागते. तिकिटावरून वाहक सापडला. तो हसत म्हणाला, "आठवतंय की साहेब. एक म्हातारी होती. एवढं लांब काय आहे विचारलं, तर कोळप्याचा दांडा म्हणाली. मी सामानाचं तिकीट फाडलं, तर मुकाट्यानं घेतलं."

वाहकानं सांगितलेल्या खुणेवरून दुसऱ्या दिवशी महिला शिपाई सोबत घेऊन मी बेंबळीला गेलो. सत्तरी ओलांडलेली एक बाई ओसरीवर तूर निवडत बसलेली होती. मिस्त्रीला धरल्याची बातमी गावात आधीच पोचली होती; गाडी पाहून ती उठली नाही की घाबरली नाही. सूप बाजूला सारून म्हणाली, "या सायेब. त्या मिस्त्रीला सोडा. त्याचा काय बी गुन्हा न्हाय. बंदूक माझ्या मालकाची हाय."

तिचे मालक, म्हणजे नवरा, रझाकारांच्या काळात निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. वय विशीच्या आतलं. ती रायफल त्यांना तिथं मिळालेली. पोलीस ॲक्शन झाली, कॅम्प उठला. रायफल कुणी परत मागितली नाही, त्यांनीही कुणाला दिली नाही. दर दसऱ्याला ते तिची पूजा करत. त्यांना जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती.

"मालक गेल्यावर म्या ती कणगीत ठिवली," ती म्हणाली. "पण ज्या बंदुकीनं गावं राखली, ती चोरावानी लपवून ठिवायची, हे मनाला पटंना. एकानं सांगितलं, ह्या मापाला लायसन मिळत न्हाय, फौजंचं माप हाय. माप मोठं केलं की मिळतं. म्हणून मिस्त्रीकडं नेली. त्यो पयल्यांदा न्हाय म्हणाला, दुसऱ्यांदा बी न्हाय म्हणाला. म्याच पिच्छा पुरवला."

सगळे लोक कायदा चुकवायला हत्यारात फेरफार करतात. या बाईनं कायद्यात बसावं म्हणून केला होता, आणि त्यानंच तिचा गुन्हा वाढला होता.

"आजी, हे ठाण्यात येऊन विचारायचं होतं ना."

"ठाण्यात?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी विहिरीत उडी मारायला सांगत होतो. "ठाण्याची पायरी आपणहून कोण चढतं, सायेब?"

जबाब झाला. निघताना ती आत गेली आणि फडक्यात भाकरी बांधून घेऊन आली. "त्यो एकटा हाय. कालपासून जेवला नसंल." मिस्त्रीची जेवणाची सोय ठाण्यात होती, तरी भाकरी मी पोचवू दिली. ती पाहून मिस्त्री पहिल्यांदा रडला.

पण त्यानंही काही लपवलंच होतं. ते प्रयोगशाळेच्या अहवालात निघालं. नळी फक्त तोंडाशी चार बोटं मोठी केलेली. त्याच्या आत पोलादी सळई बसवून कायमची बंद केलेली. शेवटी तज्ज्ञानं लिहिलं होतं, 'या शस्त्रातून गोळी सुटणे शक्य नाही.'

मी मिस्त्रीला बोलावून विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "आक्कांना नाही म्हणवंना. माझी बायको आजारी होती तेव्हा महिनाभर दवाखान्यात बसल्या होत्या त्या. आणि चालती बंदूक त्यांच्या घरात ठेवावी, हे बी पटंना. लायसनच्या ऑफिसात घेऊन गेल्या असत्या तर जागीच धरल्या असत्या. म्हणून काम रखडवत होतो. साहेब, त्यांना हे सांगू नका."

मी सांगितलं नाही. मात्र अहवाल कोर्टात दाखल केला आणि दोषारोपपत्रात सगळी हकिकत जशीच्या तशी लिहिली. 'कारखाना' हा शब्द त्यात कुठंही येऊ दिला नाही. वरिष्ठ आठवडाभर नाराज होते. दोघांनीही गुन्हा कबूल केला. वय, पूर्वीचं चारित्र्य आणि तो अहवाल पाहून न्यायालयानं समज दिली आणि चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर दोघांना सोडलं. रायफल सरकारजमा झाली.

अहवाल तिनं कोर्टातच ऐकला. बाहेर व्हरांड्यात ती मिस्त्रीपुढं जाऊन उभी राहिली. मी जवळच होतो.

"आतून बुजवली हुतीस?"

"व्हय, आक्का."

"मग झाली का, झाली का म्हणत मला ढोकीला पाच हेलपाटे का घालायला लावलेस?"

मिस्त्री जमिनीकडं पाहत म्हणाला, "तुमी आला की अर्धा तास बसत हुता. घरच्यासारखं वाटायचं."

पदरानं तिनं त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली, जशी शाळेतून आलेल्या लेकराची झटकतात. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सायेब, एकदा हात लावू द्याल का?"

लाखेचं सील मला तोडता येत नव्हतं. मी कोर्टाच्या मुद्देमाल कारकुनाला विनंती केली. तिनं कापडावरूनच रायफलीवर हात फिरवला, नमस्कार केला आणि बेंबळीची एसटी गाठायला निघाली. तिची पिशवी मिस्त्रीनं घेतली होती.

गुन्हा उघडकीस आणल्याचा चांगला शेरा मला मिळाला. पण मला लागून राहिलं होतं ते वेगळंच. वर्दीतला एकही माणूस त्या बाईला विश्वासाचा वाटला नव्हता. तिनं आधी विचारलं असतं तर मी तिला रायफल रीतसर जमा करायला सांगितलं असतं, पोचपावती दिली असती, आणि कोर्टाची पायरी चुकली असती. त्यानंतर बदली होईल त्या ठाण्यात मी एक नेम ठेवला. आठवड्यातून एक दुपार कुठल्या तरी गावात जायचं, पारावर बसायचं, आणि लोकांनी विचारलं तेवढंच सांगायचं. पहिले दोन आठवडे कुणी जवळ आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ लांब उभे राहिले, मग हळूच शेजारी येऊन टेकले. "सायेब," ते म्हणाले, "घरात वडिलांची तलवार हाय. गुन्हा व्हतो का वो?"

मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.