खंडेनवमीचं नवं तेल

योगिनी अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या लॅबमध्ये मशिनांचं वापरलेलं तेल तपासते. कुठला भाग आतून झिजतोय, ते तेलात उतरलेल्या धातूच्या कणांवरून कळतं; मशिन उघडावं लागत नाही. घरी मात्र हे काम कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. सासूबाई शेजारणींना सांगतात, सूनबाई तेलाच्या कंपनीत आहे. मग शेजारणी तिला शेंगदाणा तेलाचा भाव विचारतात.

तिचा थोरला भाऊ खंडेराव जवळच्याच एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. विंचूरहून आला तेव्हापासून तोच प्रेस. वहिनी म्हणायची, त्या मशिनीवर जेवढा जीव लावला, त्याच्या निम्मा माझ्यावर लावला असता तर मी सोन्यानं मढले असते. त्या कारखान्याच्या तेलाच्या बाटल्या योगिनीच्याच टेबलावर यायच्या.

श्रावणात आलेल्या बाटलीत तिला पिवळे कण दिसले, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. मुख्य शाफ्ट ज्या पिवळ्या गनमेटलच्या कड्यात फिरतो, तो बुश झिजत चालला होता. तो तुटला की थांबलेला प्रेससुद्धा आपोआप खाली येणार. तिनं रिपोर्टात स्पष्ट लिहिलं, मशिन थांबवून बुश बघा. मेंटेनन्सचे साहेब म्हणाले, "खंडेनवमीला मशिन बंदच असतं. तेव्हा बघू."

खंडेनवमीला मशिन बंद राहिलं, पण बुशाची आठवण कुणाला? खंडेरावानं जुनं तेल काढलं, टाकी धुऊन पुसून लख्ख केली, नवंकोरं तेल भरलं, हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला. पूजेला मळकं तेल कसं चालेल! आणि तपासणीची बाटली द्यायचीच आहे, तर आजच देऊन टाकू, म्हणून त्याच नव्या तेलातनं भरून पाठवली.

योगिनीनं बाटली उजेडात धरली. तेल मधासारखं स्वच्छ. कण येणार कुठून? सगळे धुतले गेले होते, बुश मात्र होता तिथेच होता.

तिनं रिपोर्टात जे होतं ते लिहिलं: कण नॉर्मल. खाली लिहिलं, तेल नवीन आहे, यावरून मशिनची अवस्था कळणार नाही, आधीचा इशारा कायम. साहेबांनी वरचा शब्द वाचला. तिनं फोन केला, तर म्हणाले, "मॅडम, नॉर्मल तुम्हीच लिहिलंय ना? दिवाळीची ऑर्डर डोक्यावर आहे." लॅबचे मालक म्हणाले, "आपण कळवलं. त्यांच्या कारखान्यात जाऊन कुलूप लावणार आहेस का?"

संध्याकाळी ती भावाकडे गेली. "दादा, त्या प्रेसवर नको उभा राहूस. आजारी पडलो म्हणून सांग."

खंडेराव हसला. "येडी का तू? आता तर लय गुळगुळीत चालते. आवाज नाय, काय नाय. आणि मी नाय उभा राहिलो, तर दुसरा कुणीतरी उभा राहीलच ना?"

नव्या तेलानं आवाजसुद्धा झाकला होता. तिला भावाचा राग आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त आपल्या त्या एका शब्दाचा आला.

वसुबारसेच्या दुपारी बुश तुटला. खंडेरावाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

भाऊबीजेला योगिनी ताट घेऊन हॉस्पिटलमध्ये गेली. ओवाळलं. सुपारी घ्यायला त्यानं डावा हात पुढे केला. ती रडायला लागली, तसा तोच तिची समजूत काढू लागला.

"रडू नको गं. साहेब सांगत होते, तेल तपासून तूच तर नॉर्मल लिहिलं होतंस, म्हणजे मशिनीत काय खोट नव्हती. माझंच नशीब." मग अगदी मनापासून तो म्हणाला, "बरं झालं, नवमीला मी तेल बदललं. जुन्या तेलावर चालली असती, तर आख्खा हात गेला असता."

वहिनीनं मान हलवून देवाला हात जोडले. योगिनीनं तोंड उघडलं, त्याच्याकडे बघितलं, आणि "हो दादा" म्हणाली.