विहिरीचा दुखवटा

आमच्या मामांइतका गोडखाऊ आणि मामांइतका नेमानं मातीला, म्हणजे कुणाच्या अंत्यविधीला, जाणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा दाखवा, मी भर बाजारात मिशी उतरवून देईन. आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आहे संबंध. तोच सांगायला बसलोय, आणि सांगता सांगता माझं डोकं फिरलं तर तेवढं सांभाळून घ्या.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे थोरले भाऊ. शिरूर कासारच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव, थोडी कोरडवाहू जमीन आणि साठेक मेंढरं. मी लहानपणी त्यांच्याच घरी वाढलो आणि तिथल्याच शाळेत मास्तर झालो. त्यांना चहात साखर किती हे कुणी विचारत नाही. चमचा कपात उभा राहिला की पुरे. लग्नाच्या पंगतीत ते ठरवून शेवटच्या टोकाला बसतात, कारण वाढपी तिथून मागं वळतो आणि त्यांच्या पुढ्यातून दोनदा जातो. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात व्याही सहज बोलून गेले, "घ्या मामा, लाजू नका." मामा लाजले नाहीत. शेवटी आचाऱ्यानं जिलेबीची परात पालथी करून दाखवली, तेव्हा कुठं त्यांनी हात धुतला.

आणि हेच मामा मातीला निघाले की ओळखू येत नाहीत. "लग्नाला कुनीबी येतंय मास्तर, जेवाया भेटतं. मातीला येतंय त्येच नातं," असं ते मला सांगतात. नेकनूरला चुलत साडूची मावशी गेली, मामा पहिल्या गाडीनं हजर. ज्या शेजाऱ्याशी बांधावरून बारा वर्षं बोलणं बंद, त्याची आई गेली तर हे डोक्यावर पिठलं-भाकरीची पाटी घेऊन त्याच्या दारात. मी म्हटलं, "अहो, तुमचं तर भांडण आहे." म्हणाले, "भांडन बांधाचं हाय. म्हातारीनं काय केलंय?" दुःखाच्या घराचे त्यांचे नियम पक्के. त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाकरी आपण न्यायची. खाली बसायचं, तोंड बंद ठेवायचं. निघताना "येतो" म्हणायचं नाही. आणि दुखवटा काढायचा तो सोयऱ्यांनी; त्यांनी येऊन डोक्यावर टोपी घालायची, हातानं गोड घास भरवायचा. तोवर त्या घरातल्या माणसानं गोडाला शिवायचं नाही.

अशा माणसाच्या गावाला खडी कंपनी आली. आमच्या डोंगराचा दगड फार गुणी आहे, असा शोध तिला लागला. बरं, दगड फोडायला आलात तर फोडा आणि चालते व्हा! पण नाही. "आम्ही नुसता दगड फोडत नाही, नाती जोडतो," असं म्हणे. त्यासाठी पगारी माणूस नेमला. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात ओळखपत्र, मागं फोटोवाला. गावानं त्याचं नाव 'नातेवाले साहेब' ठेवलं. या साहेबांनी भर उन्हाळ्यात ब्लँकेटं वाटली, शाळेत दप्तरं वाटली, बायकांना हळदीकुंकवाला स्टीलचे डबे दिले, आणि प्रत्येक डब्यावर कंपनीचं नाव देवाच्या नावापेक्षा मोठं. खदानीच्या गेटवर पाटी लागली: 'आपण सारे एक कुटुंब'.

आम्ही ती पाटी वाचली आणि विसरलो. मामांनी ती मनावर घेतली. ब्लँकेट मिळालं त्याच आठवड्यात ते टॉवेल-टोपी घेऊन गेटवर गेले. "सोयऱ्यानं आहेर केलाय, मग परत आहेर नको?" वॉचमननं पास मागितला. मामा म्हणाले, "आरं, सोयऱ्याच्या दारात पास कावून लागतंय?" दोन तास उन्हात उभे राहिले, कुणी आत घेईना. शेवटी ती टोपी त्या वॉचमनच्याच डोक्यावर घातली आणि परत आले. मला राग आला होता. मामांना नाही. "मोठं घर हाय, कामात आसतील," म्हणाले.

पायथ्याला एक विहीर होती. मामांच्या वडिलांनी सोयऱ्याधायऱ्यांना गोळा करून ती खांदली होती. मामा तिला 'म्हातारी' म्हणायचे. कितीही वाईट साल येवो, म्हातारीत कमरेइतकं पाणी असायचंच. मामांची मेंढरं तिच्यावर जगली, आणि अडल्यावेळी निम्मं गावही. मग एका मंगळवारी खदानीत मोठा सुरुंग उडाला. घरातली भांडी फळीवरून खाली आली. पुढच्या सोमवारी म्हातारीच्या तळाला नुसता चिखल उरला होता. कंपनीचं उत्तर आलं की भूजल पातळी नैसर्गिकरीत्या खालावली आहे. नैसर्गिकरीत्या! सहा दिवसांत! असलं उत्तर माझ्या सातवीतल्या पोरानं लिहिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभा केला असता.

मामा भांडले नाहीत, मोर्चा काढला नाही. त्यांनी अंगणात घोंगडं अंथरलं आणि दुखवट्याला बसले. घरात चूल बंद. गाव आधी हसलं, मग एकेक जण पिठलं-भाकरी घेऊन येऊ लागला. बांधावरचा शेजारी तर सगळ्यांत आधी. मामांनी मला कागद घेऊन बसवलं. "लिव्हा मास्तर. आपली म्हातारी विहीर गेली. आपन एक कुटुंब हाय असं तुमीच म्हनलात. दहाव्याला भेटाया या." मी लिहिलं. मामांनी दुःखाच्या पत्राचा फाडतात तसा कागदाचा कोपरा फाडला आणि स्वतः गेटवर नेऊन दिला.

दहाव्या दिवशी सकाळी पांढरी गाडी आली. अंगणात पन्नासेक माणसं खाली मान घालून बसलेली. साहेब उतरले, पाठोपाठ फोटोवाला, पाठोपाठ बॅनर: 'जलमित्र ग्रामस्थांचा सत्कार'. गावातून पत्र आलं म्हणजे सत्कारच असणार, असा त्यांच्या ऑफिसचा हिशोब. आमचं पत्र त्यांच्या फाईलला लावलेलं होतं, आणि तो फाडलेला कोपरा कुणीतरी मागं कोरा कागद लावून चिकटपट्टीनं नीट केला होता! साहेबांनी हसत हसत मामांच्या गळ्यात हार घातला आणि पेढ्यांचा बॉक्स उघडून पुढं धरला. "तोंड गोड करा मामा, उद्यापासून टँकर चालू."

मामांनी पेढ्याकडं पाहिलं. दहा दिवस गोडाचा कण तोंडात नव्हता.

"सायेब," ते हळूच म्हणाले, "मातीच्या घरी पेढं?"

"अहो मामा, विहीरच आहे ती. माणूस थोडंच गेलंय?"

"आपन येक कुटुंब म्हनलात. मग ही तुमची कोन व्हती?" मामांनी घोंगड्यावर जागा करून दिली. "बसा. भाकरी न्हाई आनली, ऱ्हाऊ द्या. काईबी बोलू नका. पाच मिंटं नुस्तं खाली बसा."

पाच मिनिटं! दुसरं काही मागितलं नव्हतं हो माणसानं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, स्वतःची पँट पाहिली, अकराला दुसऱ्या गावात कार्यक्रम असल्याचं सांगितलं आणि पेढ्यांचा बॉक्स ओट्यावर ठेवून निघून गेले. पुढच्या महिन्यात कंपनीच्या पुस्तिकेत मामांचा हार घातलेला फोटो छापून आला. खाली ओळ होती: 'समाधानी ग्रामस्थ'. ती पुस्तिका मी फाडून टाकली. मामांचा फोटो तेवढा चुलीत घालवेना.

टँकर येतो, नाही असं नाही. पण माणसांपुरता. मेंढरं कंपनीच्या योजनेत बसत नाहीत. मामांनी निम्मी मेंढरं दिंद्रुडच्या एकाला दिली, कारण तिकडं पाणी आहे. देताना प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवला, असं मामी सांगत होती.

यंदा माझ्या मुलीचं लग्न झालं, बीडला. मामा आले, नेहमीप्रमाणे पंगतीच्या शेवटच्या टोकाला बसले. मी मुद्दाम वाढप्याला सांगून ठेवलं होतं की त्या टोकाला परातच घेऊन जा. जिलेबी आली आणि मामांनी ताटावर तळहात आडवा धरला.

मी त्यांच्यापुढं खाली बसलो. "मामा, आता बास झालं. मी घालतो टोपी, मी भरवतो. मी काढतो दुखवटा."

मामांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "तुमी घरचं हाव, मास्तर. घरच्यानं काढून भागत न्हाई. त्यो सोयऱ्यानं काढायचा आसतो." मग म्हणाले, "यील की. मोठं घर हाय, कामात आसतील."

वाढपी टोकाला वळला आणि परत मामांपुढून गेला. मामांचा हात ताटावर तसाच होता.